पार्किंगमधला सल्लागार

पार्किंगकाकांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. विषय निघाला की मी गुडघेदुखीवर जायचो, नाहीतर कोणाच्या तरी नातवंडांवर. ते वारले तेव्हा आमच्या माजी विद्यार्थी संघातून फोन आला होता, की तुम्ही त्यांचे हॉस्टेलपासूनचे मित्र, चार ओळी लिहून द्या. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण मला छान दिसत होतं. मग कोणीच लिहिलं नाही. संघाच्या बैठकीत सगळे थोडा वेळ उभे राहिले आणि चहाकडे वळले. त्यात मीही होतो.

‘पार्किंगकाका’ हे नाव मुलांनी दिलेलं. माझ्यासाठी तो दिगंबर, हॉस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा. म्हणून इथेही अरे-तुरेच करतो. अहो-जाहो केलं तर मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय असं मला वाटेल.

तो मुलांच्या मंडळाचा सल्लागार होता, आणि मंडळाच्या बैठकीला तो कधीच खोलीत बसला नाही. बैठक असली की वेळेआधी यायचा, दुबईतल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली आपली जुनी पांढरी गाडी लावायचा, मुलांच्या प्रमुखाला फोन करून ‘मी आलोय, खाली आहे’ एवढं सांगायचा, आणि शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत तिथेच थांबायचा. सोबत चहाचा थर्मास आणि शब्दकोडं. तिथला पहारेकरी पेशावरकडचा होता. त्याला हे काही केल्या समजत नसे. तो विचारायचा, साब, आप अंदर क्यों नहीं बैठते, एसी है अंदर. दिगंबर त्याला चहा ओतून द्यायचा आणि म्हणायचा, “अंदर बच्चों का काम चल रहा है, खानसाब.”

हे मंडळ म्हणजे काय ते सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या आमच्या जुन्या कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये वरच्या मजल्यावरच्या मुलांनी आपला एक गोतावळा केला होता. त्याला आम्ही ‘बिऱ्हाड’ म्हणायचो. बिऱ्हाडात आलेला मुलगा पास होऊन गेला तरी बिऱ्हाडकरच राहायचा. नोकरी लावून देणं, लग्न जमवणं, बाप गेला तर ताबडतोब गाडी पकडून पोचणं, हे सगळं आपसांत चालायचं. बिऱ्हाडाचा प्रमुख तो ‘कारभारी’. आणि वर्षाची मोठी गोष्ट म्हणजे पंगत. नव्याने आलेल्या मुलांना जुन्या मुलांनी स्वतः रांधून वाढायचं. त्यात एक कडक शिरस्ता होता: पास होऊन गेलेल्या माणसाने पंगतीच्या दिवशी भात वाढायच्या डावाला हात लावायचा नाही. त्याने पाहुणा म्हणून यायचं, पाटावर बसायचं, पोरं जे वाढतील ते खायचं. भात कच्चा असला तरी खायचा.

पुढे आमच्या कॉलेजने दुबईत शाखा काढली. इथे आखातातच वाढलेली मराठी पोरं त्या शाखेत शिकू लागली आणि त्यांनी आमच्या गप्पा ऐकून बिऱ्हाड पुन्हा उभं केलं. आता त्यात मुलीही होत्या. कॉलेजच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मंडळाला बाहेरचा एक सल्लागार लागायचा. मी इथल्या माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष. रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेलो, हाताखाली माणसं नाहीत याची सवय न झालेला. सल्लागार मीच व्हावं असं मला वाटत होतं. पण मुलांनी दिगंबरला विचारलं. कारण विचारलं तर म्हणाली, ते ऐकून घेतात.

दिगंबरचा सगळा जन्म नवीन यंत्रसामग्री चालू करून देण्यात गेला होता. कारखाना उभा राहिला की त्याने जायचं, सगळं सुरू करून दाखवायचं, तिथल्या माणसांच्या ताब्यात द्यायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. तो म्हणायचा, आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम सुरू करणं नव्हे, हात काढून घेणं. मी त्याला एकदा चिडवलं, की तुझी सल्लागारी म्हणजे नुसती ड्रायव्हरकी आहे, पोरं वर आणि तू खाली. तो हसला नाही. “हाक मारली तर मी दोन मिनिटांत वर पोचतो, शरद,” तो म्हणाला. “न बोलावता गेलो तर दोन वर्षं बाहेर पडायचो नाही.”

मुलं अडचण घेऊन खाली यायची तेव्हा तो काच खाली करायचा, सगळं ऐकायचा, आणि त्याचा ठरलेला प्रश्न विचारायचा: “तुमचं काय ठरलं?” पोरांना याचा प्रचंड राग यायचा. एकदा सभागृहाची परवानगी काढायची राहिली. कार्यक्रम तोंडावर आलेला. हे त्याच्या लक्षात होतं, पण त्याने मुद्दाम आठवण केली नव्हती, हे नंतर त्यानेच सांगितलं. मुलं गाडीशी येऊन रडकुंडीला आली. एक फोन केला असता तर काम झालं असतं, तिथल्या साहेबांना तो ओळखत होता. त्याने तोच प्रश्न विचारला. शेवटी मुलांनी कार्यक्रम ग्रंथालयाच्या मागच्या गवतावर केला. माईक नाही, दिवे नाहीत, गाणारी मुलगी ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेली. आम्ही संघाची मंडळी सहकुटुंब गवतावर बसलो होतो आणि कपडे झटकत घरी गेलो. मी त्याच्यावर भयंकर चिडलो. पण त्यानंतर त्या मुलांची एकही परवानगी राहिली नाही, हेही मी पाहिलं आहे.

आणखी एक सांगतो. दोन मुलांचं पंगतीच्या भाषणावरून वाजलं आणि दोघंही एकमेकांची तक्रार घेऊन खाली आली. सप्टेंबरचे दिवस, दुपारची वेळ. दिगंबरने दोघांना गाडीत बसवलं, एकाला पुढे, एकाला मागे, एसी सुरू ठेवला, आणि स्वतः बाहेर येऊन दार लावून घेतलं. मी तिथे पोचलो तर हा रुमाल डोक्यावर टाकून शेडच्या खांबाला टेकून उभा, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि आत दोघं जोरजोरात हातवारे करतायत. मी म्हटलं, अरे मरशील की उन्हात. तर म्हणाला, “मी आत असलो तर ते मला सांगत बसतील. एकमेकांना सांगायचं राहील.” बऱ्याच वेळाने पोरं बाहेर आली आणि त्याला बघून ओशाळली. त्यातल्या एकाने जवळच्या दुकानातून थंड लबान, म्हणजे इथलं ताक, आणून दिलं. तो ते प्यायला आणि कोण जिंकलं हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

आता सानिकाबद्दल. ती शारजात वाढलेली, तिसऱ्या वर्षाला होती, बिऱ्हाडाची पहिली मुलगी कारभारी. मराठी समजायचं सगळं, उत्तर अर्धं इंग्रजीत. आमच्या पिढीतल्या एका गृहस्थांनी तिला विचारलं, की हे बिऱ्हाड म्हणजे नक्की काय समजतेस तू? ती म्हणाली, “इट्स लाइक अ फ्रॅट, अंकल, अमेरिकन कॉलेजात असतात ना. फक्त मसालेभातवाली.” सगळे हसले, पण ती गंमत करत नव्हती. स्वयंपाक तिला येत नव्हता. तिने आईकडून, मावशीकडून, फोनवर साताऱ्याच्या आजीकडून मसालेभात शिकून घेतला. पंगतीच्या आधी महिनाभर तिच्या घरच्यांनी दुसरं काही खाल्लं नसेल.

त्या वर्षीच्या पंगतीला मी माझ्या अधिकारात काही जास्तीचे पाहुणे बोलावले. आमचेच जुने विद्यार्थी, आता मोठ्या पदांवर असलेले, त्यांची कुटुंबं. सानिकाला आयत्या वेळी कळवलं. ती म्हणाली, ठीक आहे, मी भात वाढवते. मी म्हटलं, जमेल का, नाहीतर बाहेरून मागवू. “नो अंकल. बाहेरचं काही नको. पुरेल. आय डिड द मॅथ.” मी दिगंबरला फोन केला, की पोरगी हट्टी आहे, उद्या आपली शोभा होईल, तू तिला समजाव. तो म्हणाला, “तिने मला हाक मारलेली नाही.” आणि मग, “शरद, आपण पास झालो रे. परीक्षा तिची आहे.”

पंगतीच्या दिवशी सकाळी मी रास अल खैमाहून निघालो. दुबईतल्या करामा भागात थांबून ओळखीच्या खानावळीतून मसालेभाताचं मोठं पातेलं भरून घेतलं. कोणाला सांगितलं नाही. भात त्यांनी उत्तम, वाफाळता दिला होता. दोष त्यांचा मुळीच नाही, हे मला सगळ्यात आधी लिहून ठेवायचं आहे. पुढे तिथेच करामात संघाची बैठक होती. गाडी रस्त्यालगत उन्हात उभी, भात डिकीत, झाकण घट्ट. बैठक लांबली, मग जेवण, मग गप्पा. दुपार उलटून गेल्यावर मी कॉलेजला निघालो.

पार्किंगमध्ये दिगंबर होताच. मी डिकी उघडली आणि पातेलं उतरवायला त्याने हात दिला. त्याने झाकण उचललं, पातेल्याला बाहेरून तळहात लावला.

“कोमट आहे,” तो म्हणाला. “कधीचा आहे?”

मी म्हटलं, आत्ताच घेतला.

“ना गरम, ना गार. हा देऊ नकोस.”

“लागला तरच वापरू.”

“सानिकाला विचार.”

मी चिडलो. तिला काय विचारायचं, ती नाहीच म्हणणार, पाहुणे आले आहेत, खलास, विषय संपला, असं काहीतरी बोललो. त्याने पातेलं सोडलं. अडवलं नाही. तेव्हा अडवलं असतं तर मी थांबलो असतो का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. बहुतेक नसतो थांबलो.

स्वयंपाकघराचं मागचं दार पार्किंगकडे उघडायचं. मी आत गेलो तेव्हा सगळी मुलं सभागृहात पानं मांडत होती. शेगडीवर त्यांचा भात होता, झाकलेला, वास सुरेख. मी झाकण काढून पाहिलं आणि मला तो कमीच वाटला. मी डाव उचलला. आमच्या बिऱ्हाडाच्या इतिहासात पास झालेल्या कोणी पंगतीच्या दिवशी डाव उचलल्याचं मला माहीत नाही. मी माझं पातेलं त्यांच्या भातात उपडं केलं, खालवर केलं, खोबरं-कोथिंबीर सारखी केली, आणि रिकामं पातेलं डिकीत ठेवून समोरच्या दाराने पाहुण्यांमध्ये जाऊन बसलो.

भात पुरला. उरलासुद्धा. सानिका वाढताना पुन्हापुन्हा पातेल्यात बघत होती आणि तिचा चेहरा उजळत होता. आमच्या लोकांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. म्हटलं, पोरीने पुरवलं हं. ती म्हणाली, “मी म्हटलं होतं ना, अंकल.” मला त्या वेळी मनातल्या मनात हसू आलं होतं. ते हसू मला आज सगळ्यात जास्त छळतं.

रात्रीपासून फोन सुरू झाले. उलट्या, पोटात कळा. पहिल्या वर्षाची बरीच मुलं, आमच्यातले काही. एका मुलाची आजी पुण्याहून आली होती, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली. पण त्या दुखण्यातून ती पुरती सावरली नाही आणि पुन्हा दुबईला आली नाही. मला काहीच झालं नाही. मी थोडासाच भात खाल्ला होता.

कॉलेजने चौकशी ठेवली. खोलीत कॉलेजचे तीन लोक, सानिका, दिगंबर आणि संघाचा अध्यक्ष म्हणून मी. नियम स्पष्ट होता: मंडळ मुलांचं, जबाबदारी मुलांची, देखरेख सल्लागाराची. माजी विद्यार्थी म्हणजे नुसते हितचिंतक. आमच्यावर कोणतंच बंधन नव्हतं. त्यांनी सानिकाला विचारलं, की बाहेरून काही अन्न आलं होतं का. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, नाही सर, सगळं आम्ही केलं, मी सकाळपासून तिथे होते. त्यात तिला अजूनही अभिमान होता. तिला वाटत होतं की खरं बोलून ती बिऱ्हाडाची अब्रू राखते आहे.

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो वाट पाहत होता. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलो.

मग त्यांनी दिगंबरला विचारलं, की तुम्ही त्या वेळी कुठे होतात.

“पार्किंगमध्ये,” तो म्हणाला.

त्यातला एक जण हसला. दुसऱ्याने विचारलं, म्हणजे मुलं स्वयंपाकघरात जळत्या शेगड्यांशी काम करत असताना सल्लागार गाडीत बसून होते? दिगंबर म्हणाला, हो. स्वतःच्या बाजूने तो एक वाक्यही बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, की देखरेख माझी होती, ती कमी पडली, तेवढं माझ्या नावावर घ्या, मुलीच्या नाही. ते त्यांनी अर्धंच ऐकलं. दिगंबरला काढलं, आणि सानिकालाही. तिला पुढे कॉलेजातलं कुठलंही पद घेता येणार नव्हतं, आणि ज्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी कॉलेज तिचं नाव पाठवणार होतं ते पाठवलं नाही. तिची आई मला फोनवर म्हणाली, ती खोलीतून बाहेर येत नाही, भाऊ. मी म्हटलं, सावरेल, लहान आहे.

बाहेर व्हरांड्यात दिगंबर माझ्याजवळ आला. मला वाटलं आता तो बोलणार. त्याने मुलांना विचारायचा तोच प्रश्न मला विचारला. “तुझं काय ठरलं?” मी म्हटलं, थोडा वेळ दे, आत्ता संघाची बदनामी होईल, वातावरण निवळू दे, मी स्वतः जाऊन सांगतो. तो बरं म्हणाला. त्याने मला वेळ दिला. त्यानंतर त्याने पुन्हा कधीही विचारलं नाही, आणि माझ्याऐवजी कोणाला सांगितलंही नाही.

इथे त्याचंही चुकलं असं मला वाटतं, आणि तेही लिहायला हवं. स्वतःपुरतं त्याने गप्प राहायचं ठरवलं ते ठीक. पण त्यात एक मुलगी भरडली जात होती. ज्याची चूक त्यानेच बोलायला हवी, या हट्टापायी त्याने तिला माझ्या हिमतीच्या भरवशावर सोडलं, आणि मला तो तरुणपणापासून ओळखत होता. कदाचित त्याला खरंच वाटलं असेल की मी बोलेन. मला ओळखूनही तो गप्प राहिला, या विचारापेक्षा हा विचार जास्त लागतो.

त्यानंतर बिऱ्हाड संघाने हातात घेतलं. म्हणजे मी घेतलं. मुलांनी स्वयंपाक करायचा नाही हा नियम मी केला. जेवण कंत्राटदाराकडून, कार्यक्रमाची रूपरेषा आमच्याकडून, प्रत्येक बैठकीला आमच्यातले दोघंतिघं खोलीत पुढच्या रांगेत. सगळं वेळेवर होऊ लागलं. मुलं यायची, जेवायची, फोटो काढायची आणि जायची. कारभारी कोण व्हायचं असं विचारलं तर एकमेकांकडे बघायची. एक मुलगा मला म्हणाला, “अंकल, यू ओन्ली डू इट ना, तुमचं छान चाललंय.” दोन-तीन वर्षांत मंडळाचं नाव कॉलेजच्या फलकावरून गेलं. कोणी बंद केलं नाही. मुलंच राहिली नाहीत.

दिगंबर तेव्हा करामातच राहत होता. माझं त्याच्याकडे जाणं चालूच होतं. वहिनी थालीपीठ करायच्या, आम्ही जुन्या गोष्टी बोलायचो, कोण कुठे आहे, कोण गेला. तो पूर्वीसारखाच वागायचा, म्हणजे जास्त बोलायचा नाही आणि निघताना लिफ्टपर्यंत यायचा. एकदा मी गेलो तर तो गाडी विकायला काढत होता. आता कुठे जायचंय, म्हणाला. वहिनींनी आतून सांगितलं, की अजूनही सुट्टीच्या दिवशी दुपारी, बैठकीच्या वेळेला, ते बूट घालून तयार होतात आणि मग काढून ठेवतात. दिगंबर म्हणाला, “तिचं काही ऐकू नकोस.”

पुढे ते दोघं नाशिकला परत गेले आणि वर्षभरातच तो गेला. झोपेत गेला, त्रास झाला नाही, असं वहिनी म्हणाल्या.

तो गेल्यावर मी सानिकाला शोधलं. जिवंत माणसाला तोंड दाखवायची हिंमत मेलेल्या माणसाने दिली, असं म्हणायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे मला आता साक्षीदार उरला नव्हता आणि या गोष्टीचीच भीती वाटायला लागली होती. ती आता दुबईतच, अल बर्शाजवळच्या एका कंपनीत आहे. जेवणाच्या सुट्टीत भेटली. मी सगळं सांगितलं, डिकी, पातेलं, डाव. तिने कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग नुसत्या मराठीत बोलली, जे ती क्वचितच करते.

“मला वाटायचं मी हात नीट धुतले नव्हते,” ती म्हणाली. “मी रोज आठवायचे. तांदूळ धुताना, मटार सोलताना. कुठे चुकलं ते शोधायचे. मी अजून कोणासाठी स्वयंपाक करत नाही, अंकल. नवऱ्यासाठीपण नाही.”

मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. मग ती म्हणाली की काका नाशिकला जायच्या आधी तिच्या ऑफिसखाली आले होते. वर आले नव्हते. तिला खाली बोलावून म्हणाले होते, तुझ्या हातून काही झालेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो, बाकीचं सांगायचा हक्क माझा नाही. “मला वाटलं ही वॉज जस्ट बीइंग काइंड,” ती म्हणाली. उठताना तिने विचारलं, “त्यांना सॉरी म्हणालात का तुम्ही?”

मी तिला हो म्हणालो. म्हणजे त्या दिवशीसुद्धा, सगळं सांगून झाल्यावर, मी आणखी एक खोटं बोललो. ते इथे दुरुस्त करतो.

मी म्हणालो नव्हतो. संधी मात्र मिळाली होती. ते दोघं कायमचे निघाले तेव्हा विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. संध्याकाळची वेळ, रस्ता तुंबलेला, वहिनी मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन डोळे मिटून बसलेल्या. दिगंबर माझ्या शेजारी. रेडिओवर जुनी हिंदी गाणी लागली होती आणि तो खिडकीबाहेर उंच इमारतींकडे बघत होता, जणू मोजून ताब्यात देत होता. मी घरून वाक्य तयार करून निघालो होतो. फार मोठं नव्हतं. भात माझा होता, मी तुला आणि त्या पोरीला त्या खोलीत एकटं सोडलं, मला माफ कर. एवढंच. आरशात बघत, स्वतःशी, मी ते बोलून पाहिलं होतं.

गाड्या थांबल्या. मी म्हणालो, “दिग्या, त्या दिवशी...”

त्याने लगेच हात पुढे करून रेडिओ बंद केला. माझ्याकडे वळला. पट्टा त्याच्या मानेला काचत होता, तो त्याने अंगठ्याने दूर धरला, नीट ऐकू यावं म्हणून. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त तो पूर्ण माझ्याकडे वळलेला होता. पुढची गाडी हलली. मागच्याने हॉर्न दिला.

“त्या दिवशी तू म्हणालास,” मी म्हणालो, “कुठलं टर्मिनल?”

त्याने अंगठ्यावरचा पट्टा सोडून दिला.

“एक नंबर,” तो म्हणाला, आणि त्याने रेडिओ पुन्हा लावला.